भिंत आणि कपाळ यांच्यामध्ये

मुलीला विशेष शिक्षणाची पदवी करायची होती. कॉलेजची फी ऐकून मी धास्तावलो होतो. चौकशीसाठी तिला घेऊन शेजारच्या विशेष मुलांच्या शाळेत गेलो, तेव्हा व्हरांड्यात एक लहान मुलगी भिंतीवर कपाळ आपटत होती. तिथल्या बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी भिंत आणि कपाळ यांच्यामध्ये आपला तळहात धरला आणि मला म्हणाल्या, "विचारा."

"हे शिकून कायमची नोकरी मिळते का?"

"खात्री नाही. मी अजून कंत्राटावरच आहे."

त्यांच्या हातावर ठोके पडतच होते. प्रत्येक ठोक्याला माझंच अंग आक्रसत होतं. इतकं सोसायला माणूस कुठे शिकतो, आणि त्या शिकण्याची किंमत कोण ठरवतं, असं मनात येत राहिलं. हळूहळू ठोके मंदावले. त्या मुलीने कपाळ बाईंच्या तळहातावर टेकवलं आणि ती तशीच उभी राहिली.

बाहेर आल्यावर माझी मुलगी फाटकापाशीच थांबली. कंत्राटाचं ऐकून ती कचरली असेल, असं मला वाटलं.

"बाबा," ती म्हणाली, "मी हात मागे तर घेणार नाही ना?"

फीपेक्षा मला त्या प्रश्नाची जास्त भीती वाटली. तरी आम्ही प्रवेश घेतला.