‘हार्ड’ शब्दाची जात

पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तेव्हा मी धसईच्या पुढे एका वाडीवर शिक्षणसेवक होते. तीन वर्षं नीट गेली तरच नोकरी कायम. शाळेत शिक्षक दोनच, मी आणि गुरुजी. गुरुजी तिथलेच, निवृत्तीला आलेले. इंग्रजी त्यांनी कधी शिकवलंच नव्हतं.

मुरबाडला प्रशिक्षण लागलं. तिसऱ्या दिवशी प्रशिक्षण घेणाऱ्या साहेबांनी फळ्यावर इंग्रजी वाक्यं लिहिली. एकेकानं उठून, रेघ मारलेल्या शब्दाची जात सांगायची.

"ज्यांना येणार नाही, त्यांची नावं वर कळवीन," ते म्हणाले.

गुरुजींच्या वाट्याला आलं, ‘शी वर्क्स हार्ड’. रेघ ‘हार्ड’खाली. गुरुजी उठले, सदऱ्याची बाही ओढत राहिले. मग मान न वळवता पुटपुटले, "बाई, काय हाय?"

हार्ड म्हणजे कठीण. कठीण दगड, कठीण गणित. मी वाक्याकडे पाहिलंच नाही. "ॲडजेक्टिव्ह," मी कुजबुजले.

गुरुजींनी ते खणखणीत आवाजात सांगितलं.

"विशेषण? मग इथं त्याचं नाम कुठाय, गुरुजी?" साहेब म्हणाले. "ती काम कसं करते, ते हा शब्द सांगतो. ॲडव्हर्ब आहे, क्रियाविशेषण. इतकी वर्षं पोरांना काय शिकवलंत?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी वही उघडली. "शाळा कुठली?"

गुरुजींनी शाळा सांगितली, नाव सांगितलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी गप्प बसले असते तर कुणाला कळणार नव्हतं. दोन-तीन नंबर पुढे गेलेही. मग मात्र बसवेना.

"सर, ते उत्तर माझं होतं. मीच सांगितलं त्यांना."

"मग तुमचंही लिहू?"

"लिहा." मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं.

एसटीच्या थांब्यावर गुरुजी माझ्यावर भडकले. "उभं कशाला ऱ्हायलात? मी तर चाललो घरी. तुमची नोकरी अजून कच्ची हाय!" मला रडूच आलं. त्यांनी पिशवीतून प्रशिक्षणाची वही काढली. मग म्हणाले, "बरं, ‘फास्ट’चं पण असंच व्हतं काय?"

"मला नाय माहीत, गुरुजी."

नावं वर गेली होती, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्हा दोघांना पुन्हा प्रशिक्षणासाठी मुरबाडला बोलावलं. तोवर रोज मधल्या सुट्टीत आम्ही व्याकरणाचं पुस्तक घेऊन बसायचो. आधी पूर्ण वाक्य वाचायचं, मगच शब्दाला हात लावायचा, हा नियम गुरुजींनी घातला होता.