एकट्याची वरात

भोईवाड्यापासून गिरगावपर्यंतच्या रस्त्यांना एकाच माणसाची पावले ओळखायला सांगितली असती, तर त्यांनी माझ्या आतोबांची ओळखली असती, असे मी पैजेवर सांगेन. माझ्या थोरल्या आत्याचे हे यजमान लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवीत. वरातीपुढे चालत चालत वाजवायचे, हा त्यांचा धंदा. पण वीस वर्षांत तो पायांतून असा अंगात भिनला होता की, वरात नसतानाही ते चालतच असत. वर्तमानपत्र खिडकीपाशी उघडीत आणि अग्रलेख संपेपर्यंत जिन्याच्या तळाशी पोहोचलेले असत. दाढीचा एक गाल मोरीजवळ होई, दुसरा गॅलरीत. "तुमच्या पायांक भोवरो लावलेलो आसा काय?" असे आत्या विचारी, तेव्हा ते उठत, दोन येरझारा घालून नीट विचार करीत आणि मग उत्तर देत, "नाय." एकदा खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तक्रार केली की, यांच्या फेऱ्यांनी छताची माती आमच्या डाळीत पडते. आतोबा त्यांची समजूत घालायला खाली गेले आणि समजूत घालता घालता त्यांच्या खोलीत इतके फिरले की, त्याच्याही खालच्या मजल्यावरचे बिऱ्हाड भांडायला वर आले.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. दादर-परळला रोज कुठे ना कुठे सभा असे. शिवाजी पार्कवर हजारो माणसे श्वास रोखून बसलेली असताना आतोबा मैदानाच्या कडेकडेने फिरत आणि घरी येऊन अभिमानाने सांगत, "भाषण मी चारी बाजूंनी ऐकलं." मोर्चा निघाला की त्यांचा चेहरा उजळे. एवढी माणसे अखेर शहाणी होऊन चालू लागली, असे काहीतरी त्यांना वाटत असावे.

या चालण्याच्या तळाशी एक सल होता. तो मला फार उशिरा कळला. बँडमध्ये सगळ्यांचे लाल कोट सारखे, सोनेरी झालरी सारख्या आणि ढोलावर नाव मालकाचे. कुणी कौतुक केलेच, तर ते "तुमचा बँड छान वाजला हो" एवढेच. एका दुपारी क्लॅरिओनेटचे सुटे केलेले भाग गॅलरीच्या कठड्यावर वाळत ठेवून ते येरझारा घालीत होते. ओलसर लाकडाचा आणि खोबरेल तेलाचा वास पसरला होता. एकाएकी ते मला म्हणाले, "बाये, अर्ध्या मुंबईनं माझा सूर ऐकलाय. पण तो माझा, हे घरच्यांपलीकडे कुणाला ठाऊक आहे सांग." एवढे बोलून ते अधिकच जलद येरझारा घालू लागले.

मग जमावबंदी लागू झाली. चारांहून अधिक माणसांनी एकत्र यायचे नाही, असा हुकूम निघाला. वराती थांबल्या, लाल कोट डांबराच्या गोळ्यांसह ट्रंकेत गेले. आतोबांची दशा पिंजऱ्यातल्या वाघासारखी झाली. अकरा फुटांच्या खोलीत ते दिवसाला काही मैल चालत. अशात गिरगावातल्या एका वधूपित्याने डोळ्यांत पाणी आणून विचारले, "माझ्या मुलीची वरात मुक्यानेच निघायची का?" आतोबांनी ट्रंक उघडली, कोट चढवला आणि ते एकटेच निघाले. त्यांच्यामागे नवरानवरीसह चौघे, मग बरेच अंतर सोडून दुसरे चौघे, मग आणखी अंतर सोडून तिसरे. या तिसऱ्या चौघांत आत्याबरोबर मी होते. कोपऱ्यावर हवालदाराने आतोबांना अडवले.

"कुटं निगालास? जमावबंदी हाय, ठावं न्हाय?"

"मोजा, हवालदारसाहेब. मी एक."

"आन् हे मागचे?"

"ते चार आहेत. त्यांच्या मागचे वेगळे चार. माझी त्यांची ओळख नाही."

"नवरदेवाची बी न्हाय?"

"त्याला तर आज पहिल्यांदाच बघतोय."

हवालदाराने तोंड फिरवले. त्याचे खांदे हलत होते. "वाजीव मग," तो भिंतीकडे पाहत म्हणाला, "पन हळू."

आणि आतोबांनी पिलू रागातली एक धून सुरू केली. एरवी ढोलाच्या आणि पितळी कर्ण्यांच्या गर्दीत बुडून जाणारा तो सूर त्या दिवशी रिकाम्या रस्त्यावर एकटाच होता. सुरुवातीला किंचित कापरा, मग मधासारखा दाट होत तो बंद खिडक्यांच्या काचांवरून, ट्रामच्या ओस पडलेल्या रुळांवरून वाहत गेला. खिडक्या एकेक करून उघडल्या. एका गॅलरीतून एक वृद्ध पारशी गृहस्थ सपाता फटफटवीत खाली उतरले. ते तबकड्या काढणाऱ्या एका कंपनीत ध्वनिमुद्रण करीत. "अरे बाबा, तुज्या एकट्याची रेकॉर्ड काढू आपण," ते म्हणाले. आतोबांनी चालता चालताच विचारले, "नाव कुणाचं?" "तुजंच नी! दुसऱ्या कोणाचं?"

पण मायक्रोफोन ही एका जागी खिळलेली वस्तू आहे, हे आतोबांना कुणी सांगितले नव्हते. पहिल्या दिवशी आतोबा वाजवीत वाजवीत भिंतीपर्यंत गेले. वरात गल्लीच्या तोंडाशी वळावी, तसा सूर दूर दूर जाऊन नाहीसा झाला. दुसऱ्या दिवशी त्या पारशी बावाजींनी खडूने वर्तुळ आखले. धुनेचा मुखडा संपेपर्यंत आतोबा दाराशी होते. खुर्चीवर बसवले, तर श्वासच फुटेना. "उद्याचा एक दिस," बावाजी कपाळ पुसत म्हणाले. "नाय जमला, तर आपण तुज्या जागी पेटीवाला बोलावू." त्या संध्याकाळी आतोबांनी ताटातला भात नुसता चिवडला. आत्याने ते पाहिले आणि ती म्हणाली, "उद्या मी येतंय."

सोबत म्हणून तिने मलाही नेले. ध्वनिमुद्रणाच्या त्या बंद खोलीत सतरंजीचा कोंदट वास होता. आत्याने सगळीकडे एकदा पाहिले आणि बावाजींना बजावले, "चलल्याशिवाय ह्येंचो श्वास सुटणा नाय. चलांदेत तेंका. पण ह्या माइकाच्या भोवती." प्रयोग झाला. एक फेरी पार पडली. दुसऱ्या फेरीत आतोबा पुन्हा सरळ दाराकडे निघाले. "मागे कुणी नसलं की पाय भरकटत बाहेर जातात हो," ते ओशाळून म्हणाले. तेव्हा आत्याने पदर खोचला, वहाणा काढल्या आणि ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"बाई, बांगड्या काढा," बावाजी कळवळले. "माइक समदा ऐकते."

"मी सवाशीण. काकणां काढूची नाय."

तिढा मोठाच पडला. अखेर एका मनगटाला आतोबांचा रुमाल, दुसऱ्याला बावाजींचा, असे दोन्ही हातांचे हिरवे चुडे गच्च बांधले गेले. ध्वनिमुद्रण सुरू झाल्याचा दिवा लागला. पुढे लाल कोटातले आतोबा, मागे नऊवारीतली आत्या, मनगटे छातीशी धरलेली, अशी ती दोन माणसांची वरात मायक्रोफोनभोवती फिरू लागली. आतोबांचे पाऊल बाहेर वळू लागले की, आत्या कोपराने त्यांना हळूच आत ढकली. सूर कुठेही दूर गेला नाही. बावाजी काचेपलीकडे डोळे मिटून उभे होते.

आतोबांची दुसरी तबकडी कधी निघाली नाही. पुढे लोक लग्नांत लाउडस्पीकर लावू लागले, बँडही मोडला. आज दोघेही नाहीत. मला मात्र एक दुपार आठवते. घरी ग्रामोफोन नव्हता, म्हणून नव्या तबकडीसह आम्ही नाक्यावरच्या हॉटेलात गेलो. पडद्यामागच्या बाकावर मी आणि आत्या बसलो. आतोबा बाहेर फुटपाथवर फेऱ्या घालीत राहिले. धून वाजून संपली. आत्याच्या चहावर साय धरली होती. तिने तबकडी मागून घेतली, मांडीवर ठेवली आणि मधल्या लाल कागदावर बोट टेकवले. तिला अक्षरओळख नव्हती.

"हय काय लिवलला?"

मी आतोबांचे नाव वाचले. वडिलांच्या नावासह, आडनावासह. ते नाव तिने लग्नात उखाण्यात एकदाच घेतले होते, तेही घाईघाईने.

"परत वाच गो."

मी पुन्हा वाचले, सावकाश, एकेक अक्षर सुटे करीत. तिने पडद्याच्या फटीतून बाहेर फुटपाथकडे पाहिले, आणि माझ्या पाठोपाठ तिचे ओठ आवाज न करता हलले.