कपाशीच्या फुलांचं चित्र

पोळ्याच्या दिवशी माझी पत्नी वारली. दसऱ्यानंतर मी धुळ्यात चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागलो. शेजारी सोनगीरच्या एक अक्का बसत. रंगवताना त्या फुलांशी बोलत आणि ब्रश पदराला पुसत.

एकदा त्यांनी शेतातून कपाशीची पिवळी फुलं आणली. पत्नी ठेवायची तशीच ती मी घरून आणलेल्या तिच्या तांब्यात ठेवली आणि एकेक पाकळी जपून रेखत बसलो. दुपार कलली तशी फुलं गुलाबी होऊ लागली. मी ब्रश थांबवला.

"भाऊ, फूल काय तुमनाकरता थांबी का?" अक्कांनी माझा बारीक ब्रश काढून स्वतःचा जाडा ब्रश हातात कोंबला. "लावा बठ्ठा रंग!"

सगळा रंग लावायचा म्हणून मी पिवळ्यावरच गुलाबी ओढला. पाकळ्या कागदाबाहेर गेल्या, अक्कांनी टाळ्या पिटल्या आणि पोळ्यानंतर पहिल्यांदाच मी मोठ्याने हसलो.

चित्र घरी भिंतीवर आहे. अक्कांचा ब्रश माझ्याकडेच आहे.