फाट्यावरचा दगड

चाकणजवळच्या आमच्या गावाच्या फाट्यावर एक दगड होता. लढाईत पदक मिळवलेले एक साहेब अमुक दिवशी या गावी येऊन गेले, एवढंच त्यावर कोरलेलं. साहेब आले होते माझ्या मोठ्या आईला, म्हणजे थोरल्या चुलतीला, भेटायला. चुलते त्यांच्याच तुकडीत होते, त्याच लढाईत गेले. दगडावर चुलत्यांचं नाव नव्हतं. ग्रामपंचायतीने दगड बसवला तेव्हा ते कोणाला सुचलंच नाही, आणि मोठ्या आईनेही कधी विषय काढला नाही.

गेल्या वर्षी रस्ता रुंद करायला घेतला. जेसीबीने दगड उपटला आणि गटाराच्या पाइपांशेजारी टाकून दिला. मी तेव्हा कंपनीत पहिल्या शिफ्टला होतो. साडेतीनला सुटलं की गाडीला किक मारायची आणि या ऑफिसातून त्या ऑफिसात. ग्रामपंचायत म्हणे, रस्ता आमचा नाही. रस्ते खात्याचे साहेब म्हणाले, दगड आमचा नाही. दोन-तीन महिने असेच गेले. दिवसभर वेल्डिंगपुढे उभं राहून पाय सुजलेले असायचे. ऑफिसातल्या बाकावर टेकलं की डुलकी लागायची. शिपाई हलवून उठवायचा आणि सांगायचा, साहेब गेले.

शेवटी त्या ऑफिसातला एकजण म्हणाला, "नातेवाइकांचा अर्ज आणा, मग बघू."

मोठी आई ओसरीवर घेवडा सोलत बसली होती. अर्जाचं सांगितलं.

"काय लिव्हायचं त्यात?"

"साहेब तुला भेटायला आले होते, एवढंच."

"आन् कशापायी आले हुते?"

ते मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी शाळेतल्या पोरांबरोबर हातात कागदी झेंडा घेऊन तिच्या दारात उभा होतो. आत फक्त ते दोघं होते.

मोठ्या आईने सूप बाजूला सारलं. साहेबांना तिनेच विचारलं होतं म्हणे, "शेवटी ह्यास्नी पानी मिळालं हुतं का?" साहेब म्हणाले, "वहिनी, एका क्षणात गेला तो. तहान लागायलाही वेळ नव्हता."

"खोटं बोलत हुते," मोठी आई म्हणाली. "माज्याकडं बघत न्हवते. कपातल्या चाकडंच बघत हुते."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हननार? बरं झालं म्हनलं. चा गार व्हतोय, घ्या म्हनलं. एवढं खोटं बोलाया किती लांबनं आलं हुतं ते मानूस."

अर्जात यातलं काहीच लिहिण्यासारखं नव्हतं. मी चार ओळी खरडल्या, तिने एकेक अक्षर जुळवत सही केली आणि पुन्हा सूप पुढे ओढलं.

अर्जावर शिक्का बसला. पुढे काही झालं नाही.

मग एका दुपारी शिफ्टवरून येताना फाट्यावर क्रेन दिसली. पाइप उतरवून झाले होते. मी गाडी लावून दगडाशी उभा राहिलो. क्रेनवाला लातूरकडचा होता.

"काय बघायलाव, भाऊ?" त्याने वरूनच विचारलं.

मी सगळं सांगितलं. ऑफिसांमध्ये सांगून सांगून तोंडपाठच झालं होतं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कुठं ठेवायचा तेवढं दावा. डबा खायचा राहिलाय, त्याआधी करून टाकतो."

मी नव्या रस्त्याच्या कडेची जागा दाखवली. त्याने बकेटीने थोडं उकरून घ्यायला शेजारच्या जेसीबीवाल्याला हाक मारली, दगडाला पट्टा लावला, उचलला, ठेवला. मी दोन्ही हातांनी रेटत होतो, पायाने माती दाबत होतो. पंधरा मिनिटंही लागली नसतील. क्रेन निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, कोरलेली अक्षरं रस्त्याकडे नव्हती, शेताकडे होती.

त्याला परत बोलवायला अंगात त्राण नव्हतं. घरी येऊन मोठ्या आईला सांगितलं, दगड बसला, पण उलटा बसला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "हात धू. जेवून घे."