व्यक्तिशः माहीत आहे

हायकोर्टाची नोटीस शाळेत आली तेव्हा मी पोरांच्या खिचडीत मीठ बरोबर आहे का ते चाखून बघत होते. आमची शाळा जामखेड तालुक्यातल्या एका वस्तीवरची, दोन शिक्षकी. मुख्याध्यापकांनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि खाली बघतच म्हणाले की बाई, तुमच्या नेमणुकीवर कुणीतरी केस घातलीय. मी हात धुतले, पाकीट फोडलं. मजकूर इंग्रजीत होता. पण केस घालणारीचं नाव कळायला फारसं इंग्रजी लागत नव्हतं. ते माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचं नाव होतं.

माझं शिक्षण जरा वेड्यावाकड्या वाटेनं झालंय. आईवडील ऊसतोडीला बेळगावकडच्या एका कारखान्यावर जायचे. बाकीची माणसं हंगाम संपला की गावी परतायची. वडलांना मात्र तिथंच ऊस उतरवून घ्यायचं कायमचं काम मिळालं आणि आम्ही तिकडेच राहिलो. जवळची शाळा कानडी, म्हणून दहावीपर्यंत मी कानडीतून शिकले. घरात बोलणं सगळं आमच्या गावाकडचं. आईला कानडी कधी आलीच नाही. दहावीनंतर वडलांची कंबर धरली, आम्ही गावी परतलो. बारावी जामखेडला मराठीतून केली आणि डी.एड.ला नगरला नंबर लागला.

तिथं ती भेटली. ती नगरजवळच्या भिंगारची. वडील लष्कराच्या डेपोत कारकून होते, राहायला स्वतःचं छोटं घर. मला मराठी बोलायला अडत नव्हतं, लिहायला अडायचं. देवनागरी हिंदीच्या तासामुळे ओळखीची होती, पण ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसायचा. आणि बोलण्यात आमच्याकडचं 'पानी', 'आनी'. सराव पाठाला मी फळ्यापुढे उभी राहून 'पानी' म्हणाले, तेव्हा मागं बसलेल्या परीक्षक बाईंनी तिथल्या तिथं टोकलं आणि पोरं खो खो हसली. संध्याकाळी ती मला हाताला धरून भिंगारला घेऊन गेली. काकूंनी, म्हणजे तिच्या आईनं, भजी तळली. मग तिनं मला समोर बसवून पेपर मोठ्यानं वाचायला लावला. 'ण'चा 'न' झाला की ती हातातल्या कंगव्यानं माझ्या गुडघ्यावर टकटक करायची. पुढं कितीतरी रविवार असे गेले. मला लिहिती मराठी शिकवली ती तिनं. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगायचे.

तिचे वडील निवृत्त झाले तेव्हा त्यांना निरोपाच्या कार्यक्रमात चार शब्द बोलायचे होते. ती मला म्हणाली, "तूच लिही गं. मी लिहिलं की अर्ज लिहिल्यासारखं होतं." मी लिहून दिलं. काकांनी ते वाचताना मध्येच चष्मा काढून डोळे पुसले. त्या दिवशी मला वाटलं, आता ही भाषा माझी झाली.

शिक्षक भरती निघाली तेव्हा आम्ही दोघींनी एकत्र अभ्यास केला. माझी निवड झाली, ती प्रतीक्षा यादीत राहिली. मला हजर व्हायला सोडायला ती एसटीनं जामखेडपर्यंत आली. वाटेत मला सांगत होती की पहिल्या दिवशी पोरांना रागवू नकोस आणि मुख्याध्यापकांशी तोंड वर करून बोल. मी दहावीचं प्रमाणपत्र कुठं लपवलं नव्हतं. कागदपत्रांच्या पडताळणीत साहेबांनी ते पाहिलं होतं आणि डी.एड. व पात्रता परीक्षा मराठीतून झालेली बघून मला पुढं जाऊ दिलं होतं.

नोटीस घेऊन आम्ही नवरा-बायको औरंगाबादला गेलो, खंडपीठ तिथं असतं म्हणून. आमच्या वकिलांनी कागद वाचून मराठीत समजावलं. तिचं म्हणणं असं होतं की मराठी शाळेत शिकवणाऱ्याची दहावी मराठी माध्यमातून झालेली असावी असा नियम आहे, माझी झालेली नाही, म्हणून माझी निवड रद्द करून यादीतल्या पुढच्या उमेदवाराला घ्यावं. पुढची उमेदवार ती होती. इथवर मी ऐकून घेतलं. नियमावर बोट ठेवण्याचा तिला हक्क होता. तिचं वय भरतीच्या मर्यादेला टेकत आलं होतं, हेही मला ठाऊक होतं. पण वकील पुढं वाचू लागले: प्रतिवादीला मराठी पुरेशी लिहिता-वाचता येत नाही, हे अर्जदाराला सहवासामुळे व्यक्तिशः माहीत आहे.

मी त्यांना ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं. ते म्हणाले की यावर तिनं शपथ घेतलीय.

त्याच दुपारी स्टँडवरून मी तिला फोन केला. तिनं उचलला, म्हणजे तिला फोनची अपेक्षा असणार. ती म्हणाली की माझ्याविरुद्ध तिचं काहीच नाही, वकिलानं लिहून आणलं आणि तिनं सही केली.

"सहवासामुळे माहीत आहे, हे वकिलाला कसं माहीत?" मी विचारलं.

ती म्हणाली, "केस उभी राहायला काहीतरी लिहावं लागतं गं." आणि फोन ठेवला. त्यानंतर तिनं माझा नंबर ब्लॉक केला.

मी भिंगारला गेले. नवरा नको म्हणत होता, तरी गेले. काका मागच्याच वर्षी वारले होते. काकू एकट्याच घरी होत्या. त्यांनी मला आत घेतलं, चहा टाकला, माझ्या मुलीची चौकशी केली. मी सांगितलं की केस मागं घ्या असं म्हणायला मी आलेले नाही. तिला नियमासाठी भांडायचं तर भांडू दे. फक्त ते एक वाक्य तिनं काढून टाकावं, तेवढं तुम्ही तिला सांगा. तुमच्याच घरात बसून मी शिकले, तुम्ही बघितलंय.

काकूंनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग अगदी मायेनं, मला समजावावं तसं म्हणाल्या, "तुझं काय बाळा, तुला कानडी येते. तुला तिकडं कुठंही नोकरी लागेल. तिचं इथं सोडून कुठं आहे?"

मी चहा अर्धा ठेवून उठले. इतके रविवार मी त्या घरात जेवले होते आणि त्यांच्या लेखी मी तिकडची होते. तिच्या शपथेपेक्षा हे जास्त लागलं. ती निदान नोकरीसाठी खोटं बोलली होती. काकूंना ते खोटं वाटतच नव्हतं.

कोर्टानं स्थगिती दिली नाही, म्हणून माझी नोकरी चालू राहिली. पण शाळेत मी बदलले. फळ्यावर एखादा शब्द लिहिला की मागं सरून बघायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. आधी जे सहज यायचं ते तपासून तपासून यायला लागलं. एक वेलांटी चुकली तर पोर घरी सांगेल, घरचं कुणी गावात सांगेल आणि ते कोर्टात पोचेल अशी भीती. मुख्याध्यापक चांगले होते, तरी अहवाल लिहायचं काम त्यांनी हळूच माझ्याकडून काढून स्वतःकडे घेतलं. का, ते मी विचारलं नाही.

तारखा पडत गेल्या. शेवटच्या सुनावणीला मी मागच्या बाकावर बसले होते, ती पुढच्या. मला मराठी येते की नाही यावर जे बोलणं झालं ते सगळं इंग्रजीत झालं. कोर्टानं तिच्या वकिलाला एवढंच विचारलं की या नियमाचा हेतू काय. ते बोलले, मग आमचे वकील बोलले. आम्हा दोघींना कुणी काही विचारलं नाही. निघताना ती माझ्या शेजारून गेली. तिनं पदर सावरला, माझ्याकडे पाहिलं नाही.

निकाल माझ्या बाजूनं लागला. शिक्षकाला त्या भाषेतून शिकवता यावं हा नियमाचा हेतू आहे. मराठीतून झालेल्या डी.एड.नं आणि पात्रता परीक्षेनं तो साध्य होतो, म्हणून नेमणूक कायम. वकिलांनी पेढा मागितला. मी विचारलं की त्या वाक्याचं काय ठरलं? त्यांना आधी कोणतं वाक्य तेच आठवेना. मग म्हणाले की कोर्टानं त्यात जायची गरज नाही असं लिहिलंय, कारण मुद्दा नियमाचा होता.

"म्हणजे ते खोटं आहे असं कुठं लिहिलेलंच नाही?"

"त्याची गरजच पडली नाही, बाई."

परतीच्या गाडीत नवऱ्याला माझं गप्प बसणं कळेना. "आपन जिंकलो न्हवं? मंग तोंड का असं?" तो म्हणाला. मी त्याला सांगून बघितलं की माझी नोकरी राहिली, पण तिनं शपथेवर जे सांगितलं ते तसंच राहिलं. तो म्हणाला की त्या कागदाला आता कोन बघतंय. खरं होतं. पण तो कागद कुणी बघेल म्हणून मला तो खोडून हवा नव्हता. ज्या एका माणसानं मला अक्षर अक्षर शिकवलं, त्यानंच मला येत नाही असं सांगितलं होतं, आणि खरं काय ते सांगू शकणारं दुसरं कुणी नव्हतं.

पुढच्या भरतीत तिलाही नोकरी लागली, पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीच्या बाजूला. नगरला एका प्रशिक्षणात आम्ही समोरासमोर आलो. तिनं विचारलं, "कशी आहेस?" मी म्हटलं, बरी आहे. तिच्या केसांत पांढरं दिसत होतं. काकूंचे गुडघे गेलेत असं ती सांगत होती. मी ऐकून घेतलं आणि जेवायच्या रांगेत दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिले. ती माफी मागेल अशी मला आशा होती का? होती. तिनं मागितली नाही.

आता शाळेत मुख्याध्यापकांच्या जागी एक नवीन बाई आल्यात. स्वभावानं मोकळ्या, डब्यातलं अर्धं मला देतात. परवा सहज त्यांनी विचारलं की तुमची शाळा कुठली, लहानपण कुठं गेलं. मी म्हटलं, इथंच, जामखेडला. आणि घंटा द्यायला उठले.