ओरिनशाची चूल

सिर नदीकाठच्या त्या वस्तीत ओरिनशाला सगळे ओळखत ते तिच्या काळ्या साबणामुळे. सरकारी दुकानात गुलाबी वड्या मिळत, पण त्यांनी केसांचा झाडू होतो असं बायकांचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. थंडीच्या तोंडावर मेंढ्या कापल्या की लोक आतड्याभोवतीची चरबी ओरिनशाकडे आणून टाकत. ती खारवटातली झुडपं जाळायची, राख पाण्यात उकळून गाळायची आणि त्या बुळबुळीत, जिभेला चावणाऱ्या पाण्यात चरबी शिजवत बसायची.

"चरबी म्हणजे लाडावलेली लेक," ती म्हणायची. "थंडीत रुसून गोठते, उबेला वितळते, पण राहते चरबीच. राखेच्या पाण्यात शिजली की सासरची झाली. मग मागे फिरणं नाही."

साबण झाला का, हे पाहायची तिची रीत सोपी होती. पेलाभर पाण्यात थेंब टाकायचा. गोल होऊन तरंगला तर अजून चरबी. पाणी दुधाळ करून विरला तर साबण.

ओरिनशाची दुसरी मिरास म्हणजे तिची चूल. सासूच्या हातची आग तिला मिळाली होती. रोज रात्री निखारे राखेखाली झाकायचे, सकाळी फुंकर घालून जागे करायचे. ती आग ओरिनशाच्या कारकिर्दीत एकदाही विझली नव्हती. तिचा नवरा जुमाताय वर्षातून बारा वेळा आजारी पडे, पण चूल कधी पडली नाही.

मुलगा तोलेगेन शुक्रवारी नवरी आणणार होता. आणली बुधवारी. नवरीच्या मामाचा ट्रक इकडे येत होता, फुकटची सोय कोण सोडतो?

"सांगून तरी यायचं!" ओरिनशा ओरडली. कढईत साबण अर्धाकच्चा होता आणि मोठी कढई एकच. पाहुण्यांना मांस शिजवायला हवं. तिनं साबण मातीच्या तसराळ्यात ओतला आणि ऊब राहावी म्हणून चुलीशेजारी ठेवला. पलीकडच्या तसराळ्यात मेंढीच्या शेपटाची वितळलेली चरबी होती, विधीसाठी. दोन्ही पिवळट, दोन्ही दाट, दोन्हींतून वाफ.

नवी सून घरात आली की सासऱ्याच्या चुलीत पळीनं चरबी ओतते. ज्वाला उसळली की घरानं तिला घेतलं. पळी भरून द्यायचा मान ओरिनशाच्या थोरल्या जावेचा, म्हणजे बातिमाचा. बातिमाला दिसायचं कमी, पण चष्मा लावणं तिला अपमान वाटे.

मांस उतरलं होतं, चुलीत शेणींचे निखारेच उरले होते. चेहऱ्यावर ओढणी घेतलेली नवरी, उल्झान, वाकली. बातिमानं पळी भरून दिली आणि खड्या आवाजात म्हणाली, "अग्नीआई, चरबीआई, भलं कर!"

फस्स झालं.

"ओत, ओत, कंजूषपणा नको!" बातिमानं दुसरी पळी दिली, मग तिसरी. निखाऱ्यांवर फेस चढला, पांढरा धूर आला आणि चूल काळी पडली.



"विझली," बातिमा म्हणाली. "हिच्या हातानं विझली. जुमाताय, ट्रक अजून दारात आहे, बरं का."

जुमातायनं दाढी कुरवाळली. शेवटी जो बोलेल त्याचं त्याला पटत असे. तोलेगेन बापाकडे पाहू लागला.

ज्यातून पळी भरली होती त्या तसराळ्यात ओरिनशानं बोट बुडवून चोळलं. मग म्हणाली, "पाणी आणा."

एका पेल्यात शेपटाच्या चरबीचा थेंब तरंगला. दुसऱ्यात पाणी दुधाळ झालं.

"जाऊबाई, हात द्या इकडे." तिनं बातिमाच्या तळव्यावर तो लगदा चोळला, पाणी ओतलं, फेसच फेस. "साबणानं चूल पेटवलेली कुणी पाहिलीय? चरबी जळते, हा विझवतो. पोरीनं काय केलं त्यात? असो, तुमचे हात तरी स्वच्छ निघाले."

बायका हसल्या. बातिमानं हात झटकला. "साबण असो की सोनं, विझली ती विझली! आणि लग्नाच्या दिवशी साबण चुलीशी ठेवला कुणी? मी?"

"मी ठेवला," ओरिनशा म्हणाली.

"माझ्या घरचे निखारे आणते," बातिमा जरा मऊ झाली. "त्यावर ओतू दे पोरीला. मग माझी ना नाही."

जुमाताय लगेच म्हणाला, "हे ठीक."

ठीक कसलं? ज्याच्या घरचे निखारे, त्याचा त्या चुलीवर शब्द. पोरीला जन्मभर बातिमापुढे वाकावं लागलं असतं. दुसरा रस्ता एकच होता: पोरीनंच नवी काडी लावायची. पण ज्या हातानं आग पेटते, चूल त्या हाताची. मग मांस कुणाला किती वाढायचं, कढई कुणाला द्यायची, सगळं त्या हाताचं. ओरिनशाच्या वयाच्या बायका हे शेवटच्या आजारपणात सोडतात.

ओरिनशानं ओली राख हातानं उपसली, कोरड्या शेणी रचल्या. नवऱ्याच्या खिशात हात घालून काडेपेटी काढली आणि उल्झानपुढे धरली.

"पेटव."

"आपा, मी?" उल्झाननं सासूला विचारलं.

"मग काय ट्रकवाला?"

तिसऱ्या काडीला पेटलं. या वेळी पळी ओरिनशानं स्वतः भरून दिली, थेंब पाण्यात टाकून पाहून. ज्वाला धुराड्यापर्यंत गेली. बातिमानं अग्नीआईला पुन्हा हाक मारली, पहिल्यापेक्षा हळू. ट्रक रिकामा गेला.

सकाळी ओरिनशा नेहमीसारखी चुलीकडे गेली. तिथं उल्झान बसलेली, चहा उकळत होता. ओरिनशा क्षणभर उभी राहिली, मग पलीकडच्या बाजूला बसली.

"साबण अर्धा राहिलाय," ती म्हणाली. "कढई लागेल."

उल्झाननं खाली मान घालून चहा ओतला. "घ्या ना आपा. फक्त दुपारी मांस टाकायचंय, त्याआधी होईल ना?"

ओरिनशानं तिच्याकडे नीट पाहिलं.

"होईल," ती म्हणाली, आणि राखेचं पाणी आणायला उठली.