धुऱ्यावरच्या चपला

कापसाची पहिली वेचणी सुरू करण्याआधी आमच्याकडे वावरात सीतादही करतात. पऱ्हाटीच्या झाडाला हळद-कुंकू, दही-भाताचा निवद, आणि मगच पहिला कापूस वेचायचा. चपला मात्र धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, काढून ठेवायच्या. त्या चपलांवरूनच माझं आणि ह्यांचं वाजलं.

ह्यांना साखरेचा आजार जुना. आपले तळवे आता इतके टणक झालेत की काटासुद्धा टोचत नाही, असं हे गावभर सांगत फिरायचे. मला त्या बढाईचा संताप यायचा. पायांची आग होते म्हणून अंगावरची चादर लाथाडणारा माणूस टणक कसला!

"आज चपला राहू द्या पायात," मी म्हटलं.

"लक्ष्मीच्या वावरात चपला घालून जाऊ? कायले घाबरून राह्यली वं तू? मले काही लागत नाई."

पूजा झाली. हे पुढे, हसत-बोलत कापूस वेचत, मी मागे. खाली पडलेल्या एका बोंडावर लाल डाग दिसला. पुढे ढेकळावर आणखी एक. मी ह्यांच्या पायाकडे पाहिलं. मागच्या सालच्या तुरीचा खुंट करंगळीशेजारच्या बोटाखाली रुतून मोडला होता, आणि हे त्याच्यावरच पाय देत चालले होते.

"थांबा!" मी ओरडले.

"काहून? साप हाय काय?"

ऑटो करून यवतमाळ गाठलं. पाय राहील ना, एवढंच वाटभर माझ्या डोक्यात.

डॉक्टरांनी खुंट काढला, जखम धुतली. मग म्हणाले, "डोळे मिटा. तळव्याला दोरा लागला की 'हो' म्हणा."

नायलॉनचा ताठ दोरा अंगठ्याला टेकला, वाकला. मग चवडा, मग टाच. हे गप्प. बोला हो, एकदा तरी बोला, मी मनात म्हणत होते. शेवटी डोळे मिटूनच हे म्हणाले, "करा न सुरू, डॉक्टरसाहेब."

डॉक्टरांनी दुसरा पायही तपासून दोरा ठेवून दिला होता.

साखरेनं नसा खराब झाल्या होत्या. पायांची आग त्या नसांमुळेच, आणि काटा न टोचणंही त्यांच्यामुळेच. गेलेली जाणीव बहुतेक परत येत नाही, डॉक्टर म्हणाले. साखर आवरा, अनवाणी फिरू नका, पाय रोज डोळ्यांनी तपासा. जखम चिघळली. ते बोट काढावं लागलं. पाय राहिला.

आता रोज अंघोळीनंतर हे पाय माझ्या मांडीवर ठेवतात आणि दुसरीकडे बघत बसतात. अंघोळीचं पाणी आधी मी हात घालून बघते. लाजतात, चिडतात, पण ऐकतात.

यंदा सीतादहीला हे बूट घालून आले. धुऱ्यावर बसले आणि बूट काढले. माझ्या तोंडात शिव्या तयार होत्या. पण ह्यांनी बूट उलटे करून झटकले, आत हात घालून चाचपले आणि पुन्हा पायात चढवले. मग वाकून मातीला हात लावला.

"माफ कर माय," हे म्हणाले, "पायाले तू आता समजत नाईस."

दही-भाताचं ताट हातात धरून मी तिथंच रडले.